दिवाणातला आहेर

आमची कॉलनी ओढ्यात आहे. ओढ्याच्या काठावर नाही, ओढ्यात. ज्यांनी प्लॉट पाडले त्यांनी नकाशावर तो ओढा ‘नैसर्गिक उतार’ म्हणून दाखवला होता, आणि आम्ही शिकल्यासवरल्या माणसांनी खूश होऊन सह्या केल्या. म्हटलं, बरं झालं, सांडपाणी आपोआप वाहून जाईल. कॉलनीत तीन मास्तर, दोन इंजिनिअर आणि एक वकील राहतात. उतार आहे तर वरचं पाणी कुठून जाणार, हा प्रश्न एकालाही पडला नाही. मी स्वतः सत्तावीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं, त्यामुळे मला तर कुठलाच प्रश्न पडत नसे. मला सगळं ठाऊक असे.

सोलापूरकराला पाण्याची भीती कुणी शिकवलेलीच नाही. नळाला पाणी कधी येणार हे विचारण्यात आमची हयात गेली. घरात पाणी शिरणं ही कोल्हापूर-सांगलीकडची भानगड, अशी आमची पक्की समजूत. मग दोन वर्षांपूर्वी सप्टेंबरात तीन दिवस पाऊस पडला आणि तिसऱ्या दिवशी दुपारी ओढा आपली जागा मागायला आला. आधी मोरीतून बुडबुड असा आवाज झाला, मग काळं पाणी उलटं वर आलं, आणि मागोमाग पुढच्या दारातूनही. अर्ध्या तासात पोटरीच्या वर चढलं. त्यात गटार होतं, शेवाळ होतं, कुणाची तरी एक चप्पल होती. आम्ही नवरा-बायको गच्चीवरच्या खोलीत जाऊन बसलो आणि दुसऱ्या दिवशी दुपारी ते उतरलं तेव्हा खाली आलो. फरशीवर बोटभर चिखल होता आणि सगळ्या भिंतींवर गुडघ्याखाली एकसारखी तपकिरी रेघ.

बघायला माणसं आली. मदतीला नव्हे, बघायला. आमच्याकडे किती आणि शेजारी किती, एवढंच त्यांना हवं होतं. आमच्या ह्यांनी त्यांना रेघ दाखवली, रेघेशेजारी उभं राहून फोटो काढून घेतले आणि कॉलनीच्या ग्रुपवर टाकले. खराटा मी मारत होते.

ह्यांच्याबद्दल आता सांगायलाच हवं. एका कचेरीत तीस वर्षं सही करून ते निवृत्त झाले, आणि निवृत्त झाल्यापासून त्यांचे सत्कार होतात. ज्येष्ठ नागरिकांचा संघ करतो, गणपतीचं मंडळ करतं, कधी कुणीच सापडलं नाही तर कॉलनी करते. काय केलं म्हणून सत्कार, हे मी विचारलं नाही, त्यांनाही सांगता आलं नसतं. सोलापुरात सत्कार म्हणजे कापड. शाल, चादर, टॉवेल, टोपी. आमचं गाव माग चालवतं आणि एकमेकांना पांघरूण घालतं. लग्नकार्यात येणारा आहेर तो निराळाच. हे सगळं प्लास्टिकच्या पिशवीतून येतं आणि ती पिशवी कधी फोडायची नाही, हा आमच्याकडचा अलिखित कायदा आहे. आलेला आहेर वापरायचा नसतो, फिरवायचा असतो. पिशवी फोडली की तो फिरत नाही. आमच्या घरी बाजारातून आणलेल्या विटक्या चादरी अंगावर असत आणि कोऱ्या चादरी मागच्या खोलीतल्या दिवाणात. दिवाण म्हणजे प्लायवूडचा पेटीवजा पलंग, वर गादी, खाली पोट. ते पोट ह्यांच्या कर्तृत्वानं काठोकाठ भरलेलं होतं.

पाणी उतरल्यावर मी गादीला हात लावून बघितला. गादी कोरडी होती. मग फळी उचलून आत डोकावले. वरच्या थरातल्या पिशव्या चकचकीत होत्या, एक थेंब नाही. हे मागे उभे होते. म्हणाले, सगळं प्लास्टिकमध्ये आहे, पाणी आत जाईलच कसं. त्यांना त्यातला एक टॉवेलसुद्धा उपसायचा नव्हता, कारण आमची लेक पहिलटकरीण होती, सातवा संपून आठवा लागला होता, आणि बारशाला येणाऱ्या माणसांना देण्यासाठी हाच माल ते धरून बसले होते. मी फळी खाली टाकली. खालच्या थरापर्यंत हात घालायला मला कंबरेत वाकावं लागलं असतं. मी वाकले नाही.

लेक मोडनिंबला दिलेली. जावई शेती आणि खताचं दुकान बघतात. घर पत्र्याचं, पुढं मोठं अंगण, दारात दोन म्हशी. मुलगी दिली तेव्हापासून त्या पत्र्याकडे बघून माझ्या कपाळाला आठी पडायची. शिकलेली मुलगी, शेणाच्या वासात कशी राहील. पाण्याची बातमी कळली तशी विहीणबाईंचा फोन आला; लेक त्यांना आत्या म्हणते. आमचं कसं काय, किती नुकसान, हे सगळं विचारून झाल्यावर त्या चाचरत म्हणाल्या, “ताई, राग मानू नका. भिंती लई दिवस ओल्या ऱ्हात्यात. बाळंतपण हितंच होऊ द्या की. हवा मोकळी हाय, मी करती समदं.”

मला राग आलाच. पहिलं बाळंतपण माहेरी होतं, एवढं त्यांना कळत नाही? की आमचं घर बाळंतीण ठेवण्याच्या लायकीचं नाही, असं सुचवायचं होतं? आणि कुणी सुचवावं, तर जिच्या माजघरातून म्हशी दिसतात तिनं. मी गोड आवाजात सांगितलं की आमचं घर आरसीसीचं आहे, काळजी नसावी. फोन ठेवून ह्यांना म्हणाले, बघा, गोठ्यातली माणसं आपल्याला हवा शिकवतात. हे हसले. आमच्या संसारात आम्ही दोघं एकत्र हसलो ते बहुतेक असंच, दुसऱ्या कुणाला तरी हसताना.

मग आम्ही रेघ पुसायच्या मागे लागलो. रेघ हे दुःख होतं. भिंतीच्या आतलं पाणी दिसत नव्हतं, त्यामुळे ते नव्हतंच. रंगारी आला, त्यानं भिंतीवर तळहात ठेवला, तो हात पँटला पुसला आणि “सुकली की” म्हणाला. मी ते हात पुसणं डोळ्यांनी बघितलं. ह्यांना दिवाळीच्या आत घर झगझगीत हवं होतं आणि रंगाऱ्याला पुढचं काम. लांबी म्हणजे पुट्टी भरली, वर ऑईल पेंट मारला, फिका गुलाबी, पुसता येणारा. ओल्या भिंतीला पॉलिश केल्यासारखी चमक आली. वरून कीर्तन, आतून तमाशा ही म्हण मी मराठीच्या बदली तासाला मुलांना वाक्यात उपयोग करायला देत असे.

दिवाळी झाली आणि लेकीला मुलगी झाली. पाचव्या दिवशी दोघी घरी आल्या. मागची खोली तयार होती. दिवाणावर नवी गादी घातलेली, ओढ्याकडची खिडकी बंद, फटींत चिंध्या कोंबलेल्या, कारण बाळंतिणीला वारं लागता कामा नये. दोन्ही वेळा शेगडीवर ओवा, बाळंतशेपा आणि उदाची धुरी. हे मला माझ्या आईनं शिकवलं होतं आणि वर माझं विज्ञान होतंच: धुरीनं जंतू मरतात. खोलीत एक मातकट, कुबट वास होता. तो मला येत होता. मी कपाटात डांबरगोळ्या टाकल्या, उदबत्ती लावली, बाजारातून गुलाबाच्या वासाचा फवारा आणला. वास गेला नाही, त्याच्यावर गुलाब चढला.

घरी आल्याच्या दुसऱ्या दिवसापासूनच लेकीला कोरडा खोकला सुरू झाला, डोळे चुरचुरायला लागले. बाळ शिंकायचं, नाक चोंदायचं, दूध ओढता ओढता मधेच सोडून रडायचं. कारणं सांगायला कॉलनीत माणसांची कमतरता नव्हती. पाणी बदललं. लेकीनं केळं खाल्लं. अमकीची नजर लागली. मी त्या बायांकडे बघून मनात हसत असे, अडाणी कुठल्या. माझं कारण शास्त्रीय होतं: थंडी. मी आणखी एक चिंधी फटीत कोंबली.

बाळाला न्हाऊ घालायला शहराच्या पूर्व भागातून, विणकरांच्या वस्तीतून, एक बाई येत. पन्नाशीच्या, काटक, घरी तेलुगू बोलणाऱ्या. पूर्वी टॉवेलच्या कारखान्यात घड्या घालायला आणि शिलाईला होत्या, छातीत कापसाची धूळ बसायला लागली म्हणून ते सोडून हे धरलेलं. हात फार मायेचा, बाळ त्यांच्या पायांवर गप्प पडायचं. सातव्या की आठव्या दिवशी त्यांनी बाळाला दुपट्यात गुंडाळलं, लेकीच्या मांडीवर दिलं, आणि मला दाराबाहेर बोलावलं.

“बाई, ह्या खोलीत कुटंतरी ओला माल हाय,” त्या म्हणाल्या. “कारखान्यात गठ्ठ्यात पानी राह्यलं की आसाच वास येतो. तो दिवान उघडून बगा की एकदा.”

मी त्यांच्याकडे बघितलं. दुसऱ्याच्या घरी बाळं धुणारी बाई मला माझ्या घराचा वास सांगत होती. मी म्हटलं, “तुम्ही बाळाचं बघा. घराचं मी बघते.” आवाज चढवला नाही. आवाज न चढवता माणूस कसा खाली बसवायचा, हे वर्गात शिकायला मिळतं. त्या हो म्हणाल्या आणि घंगाळ विसळायला गेल्या. पुन्हा त्यांनी तो विषय काढला नाही, फक्त जाताना रोज खोलीचं दार उघडं टाकून जायच्या आणि मी ते रोज लावून घ्यायचे.

बारसं बाराव्या दिवशी ठरलं होतं. अकराव्या दिवशी सकाळी ह्यांनी आहेराची यादी काढली आणि कुणाला चादर, कुणाला नुसता टॉवेल, याचा खल सुरू केला. मी पुरणाची डाळ निवडत होते. आतून लेकीनं हाक मारली, पण ती हाक नेहमीची नव्हती. जाऊन बघते तर बाळ रडतही नव्हतं. प्रत्येक श्वासाला बरगड्यांच्या खाली खड्डा पडत होता, नाकपुड्या फुलत होत्या आणि ओठांभोवती निळसर झाक आली होती. एवढंसं पोट भराभर वर-खाली होत होतं. माझ्या हातातलं सूप कुठं ठेवलं ते मला अजून आठवत नाही.

दवाखान्यात बाळाला आत नेलं, ऑक्सिजन लावला. एक तरुण डॉक्टर बाहेर येऊन आमच्याशी बोलले. बाळ नऊ महिने पुरं भरलेलं का, वजन किती, दूध कसं पितं, हे विचारून झाल्यावर त्यांनी विचारलं, “घरात ओल आहे का? अलीकडे पाणीबिणी शिरलं होतं?”

“छे,” मी म्हणाले. “आत्ताच सगळा रंग दिलाय.”

हे मी म्हणाले. माझी नात आत नळीवर होती आणि मी घराची अब्रू सांभाळत होते. पडलं तरी नाक वर.

“शिरलं होतं,” लेक भिंतीला टेकून बसली होती, तिथूनच म्हणाली. “दोन-अडीच महिनेच झालेत. खोली दिवसभर बंद असते. धुरी दोन वेळा.” ती माझ्याकडे बघत नव्हती.

डॉक्टरांनी मग मला समजावून सांगितलं, अगदी सावकाश, अडाणी माणसाला सांगतात तसं. जंतुसंसर्ग तर आहेच, पण घरातली हवाही बघायला हवी. पाणी उतरलं तरी भिंतीत, लाकडात, कापडात ओल राहते. तिच्यावर बुरशी धरते, तिचे कण हवेत उडतात, आणि बंद खोलीत ते जाणार कुठं? मोठ्या माणसाला खोकला होतो, डोळे चुरचुरतात. एवढ्या बाळाची श्वासनळी ती केवढी, त्यात वर धूर. त्यांनी खोकल्यापासून सगळं बरोबर ओळीत मांडलं. मी मान हलवत राहिले. हे मला ठाऊक नव्हतं असं एक वाक्यही त्यात नव्हतं.

लेकीला आणि ह्यांना तिथं ठेवून मी कपडे आणायला घरी आले तर न्हाऊ घालणाऱ्या बाई ओट्यावर बसल्या होत्या. त्यांना कुणी कळवलंच नव्हतं, त्या रोजच्या वेळेला येऊन थांबल्या होत्या. मी कुलूप काढलं आणि सरळ मागच्या खोलीत गेले. त्या मागोमाग आल्या. आम्ही दोघींनी मिळून गादी खाली ओढली आणि फळी उचलली.

वरचा थर अजूनही चकचकीत होता. बाईंनी हात खाली घातला आणि एक पिशवी ओढून काढली. पिशवीत पाणी होतं, पिवळं, चादरीसकट सीलबंद. प्लास्टिकनं पाणी आत येऊ दिलं होतं आणि मग बाहेर जाऊ दिलं नव्हतं. त्याखालच्या शाली काळ्या पडल्या होत्या, टॉवेलांवर हिरवट-करडी लव उगवली होती, टोप्या एकमेकींना चिकटून त्यांचा लगदा झाला होता. तळाचं प्लायवूड बोटानं दाबलं तर आत गेलं. दिवाण पुढं सरकवला तर मागच्या भिंतीवर गुलाबी रंगाचे फोड आलेले, आणि एक फोड फुटला होता त्यातून काळी बुरशी. बरोबर बाळाच्या डोक्याच्या बाजूला.

दरवर्षी पावसाळ्यात मी सातवीच्या वर्गात एक प्रयोग घ्यायचे. भाकरीचा तुकडा, त्यावर थोडं पाणी, डबा घट्ट बंद, कपाटात आठ दिवस. मग डबा उघडायचा आणि मुलांनी वही पुढ्यात घेऊन सांगायचं, बुरशीला काय काय लागतं. ओल, अंधार, कोंदट हवा, आणि खायला काहीतरी. एखादा ढ मुलगा चारांतलं एखादं विसरला तर मी त्याला बाकावर उभा करायचे. मी माझ्या घरात तो प्रयोग मोठ्या प्रमाणावर मांडला होता. काही विसरले नव्हते. झाकणावर पाच दिवसांची नात निजवली होती.

बाईंनी पदर नाकाला बांधला आणि एकेक पिशवी अंगणात नेऊन टाकायला सुरुवात केली. मी म्हटलं, “तुम्ही सांगितलं होतं.” आणखीही काही म्हणायचं होतं, ते जमलं नाही. सवय नव्हती.

“तवाच काडला आसता तर उनात माल वाचला आसता,” त्या म्हणाल्या. मालाबद्दल त्यांना खरंच वाईट वाटत होतं. कुणीतरी मागावर उभं राहून ते विणलं होतं. नंतर त्यांनी खिडकीच्या फटींतल्या चिंध्या एकेक करून उपटल्या आणि खिडकी उघडली. ती रंगानं चिकटली होती, तिला खांदा लावावा लागला.

बाळ नऊ दिवसांनी बरं होऊन बाहेर आलं. पण डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं की त्या घरात न्यायचं नाही, भिंती खरवडून पुऱ्या वाळेपर्यंत तर नाहीच. ह्यांनी तिथंही हॉलमध्ये ठेवलं तर चालेल का, असं विचारून घेतलं. बारशाचा प्रश्न त्यांच्या मनातून गेलेला नव्हता. विहीणबाई गाडी घेऊन सरळ दवाखान्यातच आल्या. मी टोमण्याची वाट बघत होते, मला तो हवाच होता, म्हणजे मला काहीतरी बोलता आलं असतं. त्यांनी नातीवरून हात ओवाळून आपल्या कानशिलावर बोटं मोडली, मला पाणी दिलं आणि तुमीच लई दमलाय ताई, असं म्हणाल्या. गोठ्यातल्या माणसांत हा एक दोष असतो, त्यांना वेळेवर अपमान करता येत नाही.

लेकीला रिकाम्या ओटीनं कसं पाठवायचं म्हणून मी सकाळीच बाजारातून एक चादर घेऊन आले होते. कोरी करकरीत, दुकानातून थेट, आमच्या घरात तिचं पाऊलही पडलं नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदा मी पिशवी फोडून आहेर दिला. गाडीच्या खिडकीतून चादर पुढं करत म्हटलं, बाळाला घाल अंगावर, हायवेला वारं लागेल.

लेकीनं चादर घेतली. बाळावर घालण्याआधी तिनं ती नाकाशी नेली आणि हुंगली. मला दुखवायला नव्हे, तिच्या लक्षातही नसावं, हात आपोआपच वर गेला होता. विहीणबाई दुसरीकडे बघायला लागल्या. लेकीनं चादरीची घडी पुन्हा नीट घातली, सीटवर आपल्या पलीकडे ठेवली, आणि म्हणाली, “राहू दे आई. आत्यांनी उन्हातली गोधडी आणलीय.”